घरचं प्राणीसंग्रहालय काढायचंय? आधी चाऱ्याचा हिशेब करा

समजा तुमचं शेत दुधनीला आहे. अक्कलकोट करून गाणगापूरला निघालेले भाविक इकडून जातात, सोबत पोरंबाळं असतात. मग डोक्यात येतं, शेतात हरीण, मोर, पोपट ठेवू आणि तिकीट लावू!

थांबा. हरीण, मोर, अगदी आपला साधा पोपटसुद्धा 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतो. केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय प्राणीसंग्रहालय चालवताच येत नाही.

"पण आमटे कुटुंबानं केलंच की!" केलं ना. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे 1973 मध्ये भामरागडजवळ हेमलकशाला गेले. शिकारीत आई गेलेली पिल्लं त्यांनी सांभाळली. बिबटे, अस्वलं घरच्यासारखी वाढवली. पण ते प्राण्यांचं अनाथालय आहे, धंदा नाही. बघायला जरूर जा, तिकिटाचं गणित मात्र तिथून उचलू नका.

आपलं गणित खिलार बैल, उस्मानाबादी शेळ्या, कोंबड्या, पाळीव ससे यांच्यावर मांडा. चारा, मजूर, औषधं मिळून रोजचे 1500 रुपये धरा. तिकीट 50. म्हणजे नुसता खर्च निघायला रोज 30 माणसं हवीत. पण गर्दी होणार गुरुवारी आणि रविवारी. मग आठवड्याची 210 माणसं या दोन दिवसांतच यायला हवीत, दिवसाला 105! गेट बंद असलं तरी शेळी खातेच हो.

शेडला पैसे घालण्याआधी दोन गुरुवार आणि दोन रविवार रस्त्याकडेला बसा. किती गाड्या जातात आणि त्यातल्या किती चहाला तरी थांबतात, वहीत लिहा.