वस्तू, शब्द आणि परिसर : वाशीम जिल्ह्यातील शालेय संग्रहालय-शिक्षण

वस्तुसंग्रहालय म्हणजे शालेय सहलीतील एक मुक्काम, अशी आपल्याकडील रूढ समजूत आहे. मुले रांगेने येतात, काचेमागील वस्तूंवरून दृष्टी फिरवितात, नावपट्ट्या वहीत उतरवून घेतात आणि परत जातात. संग्रहालय-शिक्षणाची कल्पना याहून वेगळी आहे. वस्तू हा पुरावा मानावा, तिच्याविषयी प्रश्न विचारावेत आणि उत्तरे शोधीत मुलाने आपल्या गावच्या इतिहासापर्यंत व परिसरापर्यंत पोहोचावे, हे तिचे सूत्र होय. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये सुरू केलेला फिरत्या संग्रहालयाचा उपक्रम या दृष्टीने उल्लेखनीय आहे. त्यात संग्रहालयच गाडीतून शाळेच्या दारी जाते. वाशीम जिल्ह्यात हे सूत्र योजताना मात्र एक भाषिक प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र बनले आहे. तेथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तांड्यांवरून शाळेत येणाऱ्या अनेक मुलांची घरची भाषा गोरबोली आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भागात तिची नोंद ‘बंजारी’ अथवा ‘लभानी’ या नावाने आढळते. तिचे जवळचे नाते राजस्थानी बोलींशी आहे. शाळेत मात्र तिला क्वचितच स्थान मिळते.

बंजारा स्त्रीच्या वेशातील ‘फेटिया’ला ‘घागरा’ आणि ‘कांचळी’ला ‘चोळी’ म्हटल्याने पाहणाऱ्यास अर्थबोध होतो, हे खरे. परंतु ज्या मुलीची आजी तो शब्द रोज उच्चारते, तिला अशा पट्टीवरून एवढेच कळते की, आपल्या घरचा शब्द येथे चालत नाही. याउलट, ‘याला तुमच्या घरी काय म्हणतात?’ असा प्रश्न शिक्षकाने विचारला, तर तीच मुलगी वर्गाला माहिती देणारी ठरते. वस्तू वापरातून गेली की तिचे नावही काही काळाने जाते. काचेमागे वस्तू जतन होते, शब्द मात्र बोलणाऱ्यांच्या मुखीच टिकतो.

एखाद्या शब्दातून परिसराचाही उलगडा होतो. बैलांच्या पाठीवर माल लादून दूरदेशी नेण्याच्या बंजारा व्यवसायास ‘लदेणी’ म्हणत. आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस अशाच बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. हे बैल वाटेत काय खात, पाणी कोठे पीत, असे विचारताच इतिहासाचा पाठ भूगोलाकडे वळतो. लदेणीचा मार्ग गवत आणि पाणवठे यांवर अवलंबून होता. याच जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्यात आज काळवीट ज्या मोकळ्या गवताळ भूमीवर जगतात, तशा भूमीचे मोल मग मुलांना निराळ्या रीतीने उमजते. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. रेल्वे आणि पक्के रस्ते यांमुळे लदेणी ओसरत गेली आणि तांडे स्थिरावले.

एकाच विषयासाठी दोन भाषा योजण्याची रीत वाशीमला नवी नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. येथे सापडलेल्या व १९३९ मध्ये प्रसिद्धीस आलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशवर्णन संस्कृतात असून प्रत्यक्ष दानाचा तपशील प्राकृतात आहे. प्रतिष्ठेची भाषा आणि व्यवहाराची भाषा एकाच लेखात नांदू शकतात, हे शिकविण्यास याहून जवळचे उदाहरण नाही.

यावरून कार्यक्रमाची आखणी सहज सुचते. भेटीपूर्वी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून वस्तूंची नावे व उपयोग विचारून यावेत. संग्रहालयात थोड्याच वस्तू निवडून त्यांचे रेखाटन करावे, घडण पाहावी, प्रश्न मांडावेत. परतल्यावर प्रत्येक वस्तूची नोंद घरच्या बोलीत व प्रमाण मराठीत, अशी दुहेरी करावी. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तांड्यावरील मुलाला वर्गासमोर प्रदर्शनाची वस्तू करून उभे करू नये. शब्द आणण्याचे काम सर्वांचे असावे. शेतकऱ्याच्या मुलाने तिफण, वखर, डवरा यांची अंगोपांगे वऱ्हाडीत सांगावीत, म्हणजे देवाणघेवाण बरोबरीची होईल.

अशा नोंदवह्या वर्षानुवर्षे साठत गेल्या, तर त्यांतून जिल्ह्याचा एक शब्दसंग्रहच सिद्ध होईल. भाषाभ्यासकास तो मोलाचा आहेच. पण त्याहून महत्त्वाचे हे की, आपल्या घरी जे बोलले जाते तेही ज्ञानच आहे, ही जाणीव मुलाच्या मनात शालेय वयातच रुजेल.