वाऱ्याचा फोटो

हसू नको गो धाकट्याला. “आजो, वारो काय दिसता?” हा काही वेड्यासारखा प्रश्न नाही. वारा दिसत नाही हे खरं, पण त्याचा फोटो काढता येतो. त्यासाठी वाऱ्यात काहीतरी सोडावं लागतं. पतंग सोडा, धूर सोडा, नाहीतर बावीस-तेवीस टनांचं विमान सोडा. आपल्याकडे आता तिसरी सोयही झालेली आहे.

तुझ्या मुंबईचं वेगळं. कुर्ल्याच्या नाहीतर घाटकोपरच्या गच्चीवर उभं राहिलं की विमानांची रांगच लागलेली. तिथे धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकीवरच काम चालतं, आणि गर्दीच्या तासाला तिच्यावरून पंचेचाळीसच्या आसपास विमानं चढतात-उतरतात. एक फोटो हलला तर दोन-तीन मिनिटांत दुसरं गिऱ्हाईक हजर! आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाला तसं नाही. ९ ऑक्टोबर २०२१ ला हा विमानतळ सुरू झाला आणि मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर-७२ विमान येऊन टेकलं. त्यानंतर गोव्यातल्या मोपाच्या फ्लाय-९१ कंपनीनेही एटीआरच आणलं. पण विमानं बोटांवर मोजण्याइतकीच. चुकला फोटो की चुकला. म्हणून इथे बटण दाबण्याआधी डोकं चालवावं लागतं. मला विचाराल तर शिकायला चिपीच बरी.

तर विमान कुठल्या बाजूने येणार? कॅमेरा राहू दे पिशवीत, आधी माडाकडे बघ. झावळ्या कुठे वळल्यात? दुपारी त्या पूर्वेकडे वळलेल्या असणार, कारण वारा समुद्रावरून येतो. ऊन पडलं की जमीन भराभर तापते, पाणी सावकाश तापतं. कातळाच्या सड्यावरची तापलेली हवा वर चढते आणि तिची जागा भरायला समुद्रावरची गार हवा आत शिरते. हा खारा वारा. रात्री उलट होतं. जमीन लवकर निवते, समुद्र ऊब धरून राहतो, आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई सुटते. होड्यांना इंजिनं नव्हती तेव्हा दर्यावर्दी माणूस पहाटे मतलईवर शीड उभारून बाहेर पडायचा आणि दुपारी खाऱ्यावर घरी यायचा.

विमानाला मात्र वारा पाठीवर नको असतो, तोंडावर हवा असतो. का? कारण पंखाला जमिनीशी काही देणंघेणं नसतं. त्याच्यावरून हवा किती वेगाने जाते एवढंच त्याला कळतं. एटीआर उतरताना हवेच्या तुलनेत ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असतं. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या तुलनेत वेग उरला १७०. चाकांना, ब्रेकांना तेवढा आराम आणि धावपट्टीही कमी लागते. चिपीची पट्टी अडीच किलोमीटरची आणि पूर्व-पश्चिम आहे. मुंबईची मोठी पट्टी पूर्व-पश्चिम, गोव्यात दाबोळीचीही जवळजवळ तशीच. या किनाऱ्याच्या वाऱ्याने त्या आखून दिल्या म्हणायला हरकत नाही. पट्टीच्या टोकावर मोठ्या आकड्यांत २७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ २७० अंश, म्हणजे तोंड सरळ पश्चिमेला. खारा वारा जोरात असला की विमान कुडाळच्या अंगाने येणार आणि समुद्राकडे तोंड करून टेकणार. वारा अगदीच हलका असला तर सोयीची बाजू घेतात, तिथे माझं गणित चालत नाही.

आपली घारही हेच करते. मालवणच्या जेटीवर मासळी उतरते तेव्हा बघा. तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ती ब्राह्मणी घार खांबावर बसायला येताना आधी वळसा घेते, वाऱ्याकडे तोंड करते, शेपूट पसरते, पंख उभारते. आणि पंखाच्या पुढच्या कडेला, आपला अंगठा असतो त्या जागी, तीन-चार आखूड पिसं उचलते. वेग कमी झाला की पंखावरची हवा पृष्ठभाग सोडून उधळायला लागते आणि पंख उचलायचा थांबतो. ती पिसं उचलली की फटीतून जोराची हवा पंखाच्या पाठीवर जाते आणि उधळणारीला धरून ठेवते. मुंबईला उतरणाऱ्या जेट विमानांच्या पंखांच्या पुढच्या कडेला याच कामाच्या पट्ट्या बाहेर येतात. एटीआरला त्या नाहीत, त्याचं मागच्या पडद्यांवर भागतं. उतरणाऱ्या विमानाचा फोटो उडणाऱ्यापेक्षा मला जास्त आवडतो तो यासाठीच. सगळी हत्यारं बाहेर काढलेली दिसतात.

आता उभं कुठे राहायचं? कुंपणाबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर. आतले फोटो परवानगीशिवाय नाहीत, ड्रोन तर मुळीच नाही, आणि पोलिसाने हटकलं तर वाद न घालता निघायचं. उरला सूर्य. पट्टी पूर्व-पश्चिम, तेव्हा बाजू दोनच. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेला उभं राहून ऊन पाठीवर घ्यायचं. पण आपण १६ अंश अक्षांशावर आहोत! मेच्या पहिल्या आठवड्यात आपला शून्य सावलीचा दिवस होतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. दिल्लीच्या माणसाला हे घरबसल्या कधी बघायला मिळायचं नाही. तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत दुपारचा फोटो हवा तर पट्टीच्या उत्तरेची वाट धरायची.

पंख्याची गंमत सांगतो, इथे कागद-पेन्सिल घ्या. एटीआरच्या एकेका पंख्याला सहा पाती. पंखा मिनिटाला जास्तीत जास्त १२०० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला २०. एका फेरीचे ३६० अंश, तर सेकंदाला ७,२०० अंश झाले. कॅमेऱ्याचं झाकण सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं तर पातं किती सरकलं? सात अंश आणि थोडं. फोटोत पाती जागच्या जागी थिजलेली, जणू इंजिन बंद पडलंय. आता झाकण सेकंदाच्या १२५ व्या भागाइतकं उघडं ठेव. पातं सरकलं साडेसत्तावन्न अंश. दोन पात्यांमधलं अंतर किती? सहा पाती आहेत, म्हणजे ६० अंश. बघ, एका पात्याने दुसऱ्याची जागा जवळजवळ गाठली आणि फोटोत अख्खी चकती भरली! पण तेवढ्या वेळात विमानही पुढे सरकतं. ताशी २०० म्हणजे सेकंदाला पंचावन्न मीटर, हजाराव्या भागात तीन बोटं, १२५ व्या भागात जवळपास एक हात. म्हणून कॅमेरा विमानाबरोबर फिरवावा लागतो. कमरेतून वळायचं, पाय रोवलेले, आणि बटण दाबून झाल्यावरही वळणं थांबवायचं नाही. विमान स्वच्छ येतं, मागची झाडं पुसट होऊन पळतात.

आणि मोबाइलवर काढलेल्या फोटोत पाती वाकडी का आली, काही तर सुटून हवेत तरंगताहेत अशी का दिसली? मोबाइल बिघडलेला नाही. त्याचा कॅमेरा सगळं चित्र एकदम टिपत नाही, एका कडेपासून ओळीओळीने टिपत जातो. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो पातं दुसरीकडे गेलेलं असतं. फोटोत आली ती पात्याची वेगवेगळ्या क्षणांची जागा.

हां, आता मूळ मुद्दा, न दिसणाऱ्या हवेच्या फोटोचा. एप्रिलच्या दुपारी दोन किलोमीटरवरून काढलेला फोटो मोठा करून बघा. खिडक्यांची रांग नागमोडी, विमानावरची अक्षरं थरथरलेली. भिंग साफ आहे, हातही हललेला नाही. हा खोडसाळपणा कातळाचा. जांभ्याचा काळा पडलेला सडा दुपारी असा तापतो की अनवाणी चालवत नाही, आणि त्याला टेकलेली हवा गोळ्या-गोळ्यांनी वर चढते. चुलीपलीकडे बसलेली आजी थरथरताना दिसते ना, तसंच हे. हवा एका अंशाने तापली तर प्रकाश वळवण्याच्या तिच्या ताकदीत फरक पडतो तो जेमतेम दहा लाखांतला एक भाग. कणभरसुद्धा नाही म्हणाल. पण किरणाला अशा हजारो गोळ्यांतून दोन किलोमीटर यायचं असतं, आणि तुमचं लांब भिंग विमानाबरोबर ती थरथरही मोठी करून दाखवतं. पट्टीच्या टोकाला पाणी चमकताना दिसतं तेही याच तापलेल्या थराचं काम. आकाशाचा उजेड खाली येता येता वर वळतो आणि डोळ्याला जमिनीवर तळं दिसतं. मृगजळ. त्यात विमानाची चाकं उलटी पडलेली दिसली तर सोडू नका, असा फोटो थंडीच्या सकाळी मिळत नाही. ज्याला अक्षरं वाचता येतील असा फोटो हवा त्याने सकाळी लवकर यावं, नाहीतर पाऊस पडून गेल्यावर, आणि जितकं जवळून मिळेल तितकं घ्यावं.

टेकतानाचा निळसर धूर तर सगळ्यांना आवडतो. उतरेपर्यंत चाकं फिरत नसतात. जमीन लागली की क्षणात त्यांना विमानाचा वेग घ्यावा लागतो, तेवढ्यात रबर घासून जळतं. माझं लक्ष मात्र त्या धुराच्या पुढच्या प्रवासावर असतं. तो सरळ वर जात नाही, पंखांच्या मागे वेटोळी घेतो. पंखाखाली दाब जास्त, वर कमी. खालची हवा टोकाला वळसा घालून वर पळते आणि प्रत्येक टोकामागे एक भोवरा सुटतो. मोठ्या विमानामागे तो इतका दांडगा असतो की मुंबईला मागून येणाऱ्या लहान विमानाला अंतर राखायला लावतात. विमान गेल्यावर जरा वेळाने डोक्यावरून सूं असा आवाज येतो, तो या भोवऱ्याचा. आणि पावसाळ्यात तो डोळ्यांना दिसतो! भोवऱ्याच्या पोटात दाब कमी होतो, हवा फुगते, फुगली की गार होते, आणि जुलैच्या ओल्या हवेला गार व्हायचं निमित्तच पुरतं. पांढरी दोरी उमटते आणि लगेच विरते. पंख्याच्या पात्यांच्या टोकांवरूनही अशी गोल वेटोळी निघतात.

घरी आल्यावर संगणकाची पाळी. आधी क्षितिज सरळ करा. विमान नाक वर करून येतं, म्हणून डोळा फसतो आणि माणूस विमानच सरळ करून ठेवतो, मग धावपट्टी डोंगरावर चढते. खांब, इमारत, जे उभं असेल ते उभं करा. जमलं तर फोटो कच्च्या रूपात साठवा. साध्या फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, चौदा बिटांच्या कच्च्यात १६,३८४. पोटाखालची सावली उजळायची झाली की तो फरक कळतो.

मग आकाशातले काळे ठिपके. पुसण्याआधी मागचा-पुढचा फोटो बघा. ठिपका दोन्हींत त्याच जागी असेल तर आतल्या काचेवरची धूळ, खुशाल पुसा. जागा बदलली असेल तर ती घार आहे, आणि उतरणाऱ्या विमानासमोर घार ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील असा कचरा किंवा मांस उघड्यावर टाकायला कायद्याने बंदी आहे. मासे साफ करून आतडी कुठेही भिरकावणाऱ्यांनी हे ऐकावं. ऐकत नाहीत ती गोष्ट वेगळी.

राहिलं ते धुकट काढून टाकायचं बटण. ते ओढलं की मागचा सह्याद्री कसा निळ्याचा काळाशार होतो आणि फोटो एकदम कडक दिसतो! पण तो निळा रंग डोंगराचा नव्हेच, मधल्या हवेचा. हवेचे रेणू निळा उजेड जास्त उधळतात, म्हणून दूरचा डोंगर निळा. पांढरट झाक असेल तर ती समुद्राच्या मिठाच्या आणि पाण्याच्या जाड कणांची. ते बटण पार टोकाला नेणारे लोक मला कळत नाहीत. थरथर तर कुठल्याच बटणाने जात नाही, धार वाढवली की कडांना पांढरी किनार तेवढी येते.

तुला धुकट काढायचंच असेल तर काढ गो, मूळ फोटो तेवढा ठेव. आणि खाली तारीख-वेळेबरोबर विमान कुठल्या टोकाने उतरलं तेही लिही. हा धाकटा माड बघून वाऱ्याची दिशा सांगेल, ती त्याच्याच हातून लिहून घे.