टिपणांचा शोध

लखनौच्या अलीगंज भागात सांस्कृतिक संपदेच्या संरक्षणाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत जुन्या वस्तू कशा टिकवाव्यात याचे संशोधन चालते. परंतु लेखन टिकणे आणि ते हवे तेव्हा सापडणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचेच उदाहरण घ्या. १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज उभे राहिले, त्यामागे त्यांची खटपट होती. गवयांकडून मिळविलेल्या असंख्य बंदिशी त्यांनी आपल्या क्रमिक पुस्तकमालिकेत रागवार लावल्या. राग ठाऊक असला की बंदीश सापडते. पण राग विसरला आणि मधलाच एक शब्द आठवत राहिला, तर? मग पाने चाळण्यावाचून गत्यंतर नाही.

संगणकाने ही अडचण दूर केली. १९७३ साली केन टॉम्प्सन यांची ‘ग्रेप’ ही आज्ञा युनिक्स प्रणालीत आली. काळ्या पडद्यावर ‘ग्रेप’, हवा तो शब्द आणि टिपणांच्या फाइलीचे नाव टंकावे. ती आज्ञा एकेक ओळ वाचते व ज्या ओळीत तो शब्द असेल तेवढीच पुढे ठेवते. तिला विषयवारी लागत नाही, सूची लागत नाही. टिपणे मात्र साध्या मजकुराच्या रूपात हवीत.

तथापि यंत्र अर्थ जाणत नाही. ते केवळ अक्षरे ताडून पाहते. मराठी माणूस ‘लखनौ’ लिहितो, हिंदी माणूस ‘लखनऊ’. एक शोधले तर दुसरे हाती लागत नाही. यावर तोड अशी, की ‘लखन’ लिहून पुढे पूर्णविरामाचे टिंब द्यावे. त्या टिंबाचा अर्थ ‘येथे कोणतेही एक चिन्ह चालेल’ असा होतो आणि दोन्ही रूपे सापडतात. ‘ग़ज़ल’ शब्दाखालचा नुक्ता असाच फसवा आहे. नुक्त्यासह अक्षर एकाच संकेताने लिहिता येते, किंवा अक्षर आणि नुक्ता असे दोन संकेत देता येतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला निराळे.

याहून मोठा धोका जुन्या टंकांचा आहे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली व तीत देवनागरीला स्वतंत्र संकेत मिळाले. परंतु त्यानंतरही कित्येक वर्षे पुष्कळ मराठी मजकूर अशा टंकांत लिहिला गेला, की पडद्यावर ‘क’ दिसावा आणि आत रोमन लिपीतील एखाद्या चिन्हाचा संकेत असावा. अशा लेखनात मराठी शब्द शोधू गेल्यास उत्तर शून्य येते. तो विशिष्ट टंक नाहीसा झाला, तर वाचणेही दुरापास्त होते. ज्यांच्या आयुष्यभराच्या नोंदी अशा फाइलींत पडून आहेत, त्यांनी रूपांतराची साधने उपलब्ध आहेत तोवर त्या युनिकोडमध्ये आणून ठेवणे इष्ट होय. कागदाला वाळवी लागली तर ती दिसते तरी. ही वाळवी दिसत नाही.