जुवावरचे 40 किलो

उसाची टायरगाडी भरत असताना रस्त्यावरून जाणाऱ्याचं लक्ष जातं ते मोळ्यांच्या उंचीकडे. भरणाऱ्यांचं लक्ष दांडीकडे असतं. बैल अजून जुंपलेले नसतात. दांडी पुढच्या बाजूला एका लाकडी टेकणीवर ठेवलेली असते. नवरा गाडीवर उभा राहून रचतो, बायको डोक्यावरून मोळी आणून वर देते. चार-पाच मोळ्या चढल्या की ती पुढे जाऊन जू दोन्ही हातांनी किंचित उचलून बघते. "अहो, मागं व्हायला लागली," एवढंच म्हणते. पुढची मोळी मग आखाच्या पुढे पडते, आणि तीही बुडखा पुढे करून, कारण उसाचं वजन शेंड्यापेक्षा बुडख्याकडे जास्त असतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. बलाचं आघूर्ण हा धडा म्हणजे मुलांना बल गुणिले अंतर, डावीकडचं बरोबर उजवीकडचं, आणि झोपाळ्यासारखी एक फळी. गणितं सुटतात. पण ज्या मुलांच्या घरासमोरून हंगामभर शेकडो गाड्या कारखान्याकडे जातात, त्यांना धडा त्या गाड्यांशी जोडता येत नाही. म्हणून आम्ही एक रिकामी गाडी मागून घेतली, दांडीच्या टेकणीखाली घरात माणसं वजन करायला वापरतात तो काटा ठेवला आणि युरियाचं 45 किलोचं एक पोतं घेतलं. आखापासून जुवापर्यंत मोजलं तर 3 मीटर भरले.

पोतं बरोबर आखावर ठेवलं तेव्हा काटा आधी होता तिथेच राहिला. मुलांना हे खरं वाटेना. 45 किलो गाडीत आलं आणि पुढे काहीच पोचलं नाही? ते सगळं वजन चाकांवर गेलं होतं. मग पोतं आखाच्या पुढे 1 मीटरवर सरकवलं, काटा 15 किलोने वाढला. अर्ध्या मीटरवर आणलं तर साडेसात. आखाच्या मागे 1 मीटरवर नेलं तेव्हा 15 किलो कमी झाले. पुस्तकात उत्तर न्यूटन-मीटरमध्ये मागतात. इथे दोन्ही बाजूंना गुरुत्वाकर्षण तेच, त्यामुळे किलो आणि मीटरवर भागतं. 45 गुणिले 1 आणि 15 गुणिले 3. वहीत हे समीकरण मुलांनी कितीदा लिहिलं होतं, पण पोतं ढकलताना ते त्यांच्या तोंडून आपोआप आलं.

इथपर्यंत गाडी म्हणजे पुस्तकातली फळीच. खरा प्रश्न पुढे आहे, आणि तो पुस्तकात येत नाही, कारण पुस्तकातल्या तरफेला जाडी नसते. ती एक रेघ असते. भार त्या रेघेवर ठेवलेला एक बाण. उसाच्या गाडीचा भार मात्र आखाच्या वर, माणसाच्या उंचीपेक्षा वर जातो.

समजा गाडीत 1500 किलो ऊस आहे आणि सगळ्या वजनाचा मध्य आखाच्या 8 सेंटिमीटर पुढे पडतो. 1500 गुणिले 0.08 म्हणजे 120, भागिले 3, जुवावर 40 किलो. दोन बैलांच्या मानेला मिळून हे चांगलं वजन आहे, जू जागेवर राहतं. आता हीच गाडी फडातून सडकेवर चढते. शेत खाली, सडक वर, मधे मातीचा भराव. अशा ठिकाणी बारा मीटरला एक मीटर चढ काहीच नाही. वजनाचा मध्य आखाच्या 1 मीटर वर असेल, तर एवढ्याशा चढावर तो सुमारे 8 सेंटिमीटर मागे सरकतो, म्हणजे नेमका आखाच्या डोक्यावर येतो. जुवावर शून्य. चढ आणखी तीव्र असला की जू वर उचललं जातं, गळ्याखालचं जोतं ताणतं आणि गाडी उलाळ होते. बैल ओढायला जोर लावत असतो त्याच क्षणी त्याचा गळा आवळला जातो. उतारावर उलटं: वजनाचा मध्य तेवढाच पुढे येतो आणि मानेवर 40 चे 80 होतात.

गाडीवानाकडे यावर एक उपाय आहे आणि तो मी अनेक भरावांवर पाहिला आहे. चढ आला की तो गाडीवरून उतरत नाही, उलट दांडीवर पुढे सरकतो. बैलांवर एका माणसाचं ओझं वाढवतोय असं वाटतं आणि राग येतो. पण 60 किलोचा माणूस आखापासून 2 मीटर पुढे बसला की जुवावर 40 किलो परत येतात. हरवले होते तेवढेच. उतारावर तोच माणूस मागे जाऊन लोंबकळतो. स्वतःच्या शरीराचं वजन तो आखाच्या पुढेमागे नेऊन वापरतो.

2022 मध्ये वाळवा तालुक्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 'सारथी' नावाने जुवाखाली बसवायचं एक तिसरं चाक तयार केलं. त्याचे फोटो देशभर फिरले आणि ते योग्यच होतं. सपाटीवर आणि उतारावर मानेवर येणारा भार असं चाक जमिनीवर उतरवतं. माझ्या मुलांनी त्यावर विचारलेला प्रश्न मला फार आवडला: चढावर ते काय करेल? चाक खालून वर रेटू शकतं, जू खाली ओढून धरू शकत नाही. उलाळ होणाऱ्या गाडीला ते थांबवणार नाही. तिथे भरणाऱ्याचा हात आणि गाडीवानाची जागा हेच लागतं.

वर्गात आता मी भार बाणाने दाखवत नाही, उंच आयत काढते आणि त्याचा मध्य शोधायला लावते. एका गटाने विचारलं, रचच 30 सेंटिमीटर खाली आणली तर? वजन तेवढंच धरून आम्ही मांडलं. मध्य 1 मीटरऐवजी 70 सेंटिमीटरवर आला की त्याच चढावर जुवावर शून्याऐवजी सुमारे 11 किलो उरतात. मुलं खूश होऊन ते उत्तर घेऊन फडात गेली. गाडीवानाने नीट ऐकून घेतलं, पटलंही त्याला. पण रच खाली आणायची तर वजन तेवढंच कसं राहील, साटा रुंद नाही, ऊस कमी भरावा लागेल. आणि मजुरी टनावर मिळते.