डोहाळकरणीचा प्रवास

विदर्भातील पद्मपूरचा महाकवी भवभूती याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाचा पहिला अंक आपणांपैकी कित्येकांनी वाचला असेल. सीतेचे दिवस भरत आले आहेत. घरातील वडीलधारी मंडळी ऋष्यशृंगाच्या यज्ञास गेली आहेत आणि तेथून अष्टावक्र त्यांचा निरोप घेऊन येतो, की सीतेला जो डोहाळा होईल तो विनाविलंब पुरविला जावा. पुढे चित्रे पाहता पाहता सीतेस वाटू लागते, की पुन्हा एकदा त्या शांत वनात हिंडावे, भागीरथीच्या पाण्यात उतरावे. राम तत्काळ लक्ष्मणास रथ आणावयास सांगतो. परंतु नुसता रथ नव्हे; जो अडखळणार नाही, ज्यातून सुखाने जाता येईल, असा रथ. सुमारे १३०० वर्षांपूर्वीच्या या वैदर्भीय कवीस गर्भवतीच्या वाहनाला धक्के बसू नयेत एवढी बारीक गोष्ट नाटकात नमूद करावीशी वाटली, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

पांढुर्णा आणि सौंसर या आपल्या दोन तालुक्यांचा मिळून २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, बोली वऱ्हाडी वळणाची मराठी, आणि दुखण्याखुपण्यास धाव नागपूरकडे, अशी येथील स्थिती आहे. या भागातील एखाद्या तरुण गृहस्थाने आपल्या गर्भवती पत्नीस शनिवार-रविवारी विश्रांतीसाठी कोठे न्यावे, कसे न्यावे आणि मुळात केव्हा न्यावे, याविषयी आज बोलावयाचे आहे.

प्रथम ‘केव्हा’ याचा विचार करू. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ, उलट्या आणि ग्लानी असते. शेवटच्या दोन महिन्यांत बसणे, उठणे, झोपणे सारेच जड होते. मधला काळ, म्हणजे साधारणतः चौदाव्या आठवड्यापासून अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंतचा, प्रवासास सर्वांत सोयीचा. तथापि हा नियम निरोगी गर्भारपणापुरताच आहे. रक्तस्राव झालेला असेल, रक्तदाब वाढलेला असेल, जुळी असतील किंवा वार खाली असल्याचे सोनोग्राफीत दिसले असेल, तर डॉक्टर ‘जा’ म्हणेपर्यंत पाऊल उचलू नये. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांतून गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. २०१६ पासून ही योजना चालू आहे. त्या तपासणीनंतरचा शनिवार धरला म्हणजे रक्तदाब आणि हिमोग्लोबिन यांचे ताजे आकडे हाती असतात. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. जी स्त्री चार पायऱ्या चढून धापा टाकते तिला आधी औषध हवे असते, सहल मागाहून.

आता ‘कोठे’. येथे नवरे मंडळींची मोठी गफलत होते. सहल म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढे पचमढी उभी राहते. पचमढी रम्य आहे यात शंका नाही; परंतु पांढुर्ण्याहून ती गाठावयाची म्हणजे अर्ध्याहून अधिक दिवस गाडीत, त्यात घाटाची वळणे, आणि पोहोचल्यावर जे पाहावयाचे ते बहुधा चढून किंवा उतरून पाहावयाचे. तामिया आणि पाताळकोट यांचीही तीच कथा. शिवाय आपल्या भागात सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. ज्या गर्भवतीस तो असेल तिला थंडी, दमणूक आणि पाण्याची कमतरता या तिन्ही गोष्टींनी वेदनेचा झटका येऊ शकतो. डोंगरमाथ्यावरील डिसेंबरची रात्र तिच्यासाठी नव्हे. रानातील डासांचा प्रश्न निराळाच. गर्भारपणातील हिवताप आई आणि मूल या दोघांसही घातक ठरू शकतो.

मी म्हणेन, दिशा उत्तरेची न धरता दक्षिणेची धरावी. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सातपुड्याचा घाट लागतो. नागपूरकडे मात्र मोकळा सपाट मुलूख आहे आणि मोठी रुग्णालयेही त्याच बाजूस आहेत. सौंसरहून नागपूर सुमारे ७० किलोमीटर, पांढुर्ण्याहून सुमारे १००. वाटेवर सावनेरच्या परिसरात चंद्रभागेकाठी धापेवाड्याचे विठ्ठलमंदिर आहे. दोन दिवसांची सवड असेल तर रामटेकजवळ खिंडसीचा तलाव आहे. काठावर बसून पाणी पाहत राहावे, दुसरे काही करावयाचे नाही. सौंसरजवळच्या जामसावळीच्या पहुडलेल्या हनुमंताचे दर्शन घ्यावे अशी अनेकींची इच्छा असते. ती अवश्य पुरवावी, पण शनिवारी नव्हे. शनिवार हा तेथील गर्दीचा वार. रांगेतील दोन तासांच्या उभे राहण्याने पायांस सूज येते.

परंतु खरे सांगावयाचे तर याहून चांगली जागा आपल्या दाराशीच आहे, आणि ती म्हणजे संत्र्याची बाग. आंबिया बहाराची झाडे जानेवारी-फेब्रुवारीत फुलतात तेव्हा त्या वासाने सारा शिवार भरून जातो. मृगाचा बहार धरलेल्या बागेत त्याच सुमारास फळ तोडणीस येऊ लागते. आपल्याकडे डोहाळजेवणाचे प्रकार होते ते आठवा. बागेतले, चांदण्यातले, नावेतले, झोपाळ्यावरचे. ही सारी घराबाहेर पडण्याचीच निमित्ते होती. हल्ली सभागृहात कागदी फुलांची कमान उभारून ‘बागेतले’ डोहाळजेवण होते आणि छायाचित्रकार तिला तीन तास उभे करतो. खरी बाग तेथून मैलभरावर रिकामी असते. एखाद्या आप्ताच्या बागेत घर असेल, स्वच्छ शौचालय असेल, रात्री मच्छरदाणी लावता येत असेल, तर दोन दिवसांसाठी याहून अधिक काय हवे? अट एकच, की अलीकडे बागेत औषधाची फवारणी झालेली नसावी. हे बागवानास स्पष्ट विचारावे आणि संत्री धुऊन मगच सोलावीत. लोहाच्या गोळ्या प्रवासातही चुकवू नयेत. त्या चहाबरोबर घेतल्यास अंगी कमी लागतात, संत्र्याबरोबर घेतल्यास अधिक.

तथापि बाग आप्ताची, म्हणजे स्वयंपाकघरही आप्ताचेच. नवऱ्याच्या मावशीकडे गेलेली सून डोक्यावर पदर घेऊन पोळ्या लाटू लागते, आणि ‘तू बस, बाई’ असे म्हणणारी मावशीही तिसऱ्या पोळीनंतर म्हणावयाचे थांबते. ही विश्रांती नव्हे, केवळ चूल बदलली. म्हणून निघण्यापूर्वी तिलाच विचारावे, तुला काय हवे? ती म्हणाली, ‘मले कुठंच नेऊ नका, दोन दिवस मले झोपू द्या,’ तर तोच डोहाळा समजावा आणि तो पुरवावा. ती म्हणाली, ‘माहेरी न्या,’ तर आढेवेढे घेऊ नयेत. माहेरी ती पुन्हा लेक असते. तेथे तिला उशिरा उठता येते. संत्र्याच्या तोडणीस किंवा कापसाच्या वेचणीस मजुरीने जाणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर सहलीचा अर्थच निराळा. दोन दिवस वाकावे लागू नये, ओझे उचलावे लागू नये, आणि त्या दोन दिवसांच्या मजुरीची तूट घरातील इतरांनी सोसावी, एवढे झाले तरी ती सहलच.

आता रथ. आपल्याकडील सर्वांत रूढ वाहन मोटारसायकल. तिच्यावर एका बाजूस पाय सोडून बसलेली गर्भवती पाहिली की माझा जीव धास्तावतो. गावातील अंतर सोडले तर ते वाहन वर्ज्यच समजावे. पांढुर्णा स्टेशन नागपूर-इटारसी या हमरस्त्याच्या लोहमार्गावर असल्याने तेथील लोकांस आगगाडी हे उत्तम साधन आहे. गाडीत उठून चार पावले चालता येते, शौचालय असते, आणि खालचा बर्थ मिळावा म्हणून गर्भवतींसाठी रेल्वेने राखीव सोय ठेवलेली आहे. सौंसरची जुनी छोटी गाडी २०१५ साली मार्गाच्या रुंदीकरणासाठी बंद झाली. आता तेथे रुंद मार्ग आहे. मोटारीने जावयाचे असल्यास दर तासा-दीड तासाने थांबून तिला थोडे चालवावे, कारण फार वेळ पाय लोंबते ठेवून बसल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका गर्भारपणात वाढलेला असतो. आसनाचा पट्टा लावावाच. आडवा पट्टा पोटावरून नव्हे, पोटाच्या खालून मांड्यांच्या वरच्या बाजूने घ्यावा. तिरपा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून.

पाणी घरून उकळून न्यावे. दूषित पाण्यातून होणारी ‘ई’ प्रकारची कावीळ इतरांस आठ-पंधरा दिवस आजारी पाडते, गर्भवतीचा मात्र जीव घेऊ शकते. मग रस्त्यावरच्या उसाच्या रसाचा आणि कापून ठेवलेल्या फळांचा मोह कशास? सामानात माता-बाल सुरक्षा कार्ड आणि तपासण्यांचे कागद वरच्या कप्प्यात असावेत. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, पोटात थांबून थांबून कळा, बाळाची हालचाल कमी वाटणे, यांपैकी काहीही झाले तर ‘सकाळी बघू’ म्हणू नये. १०८ हा क्रमांक सीमेच्या दोन्ही बाजूंस चालतो. मुक्कामाच्या ठिकाणाहून शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असलेले रुग्णालय किती वेळात गाठता येईल, हे निघण्यापूर्वीच ठाऊक असावे.

पांढुर्णेकरांसाठी एक खास सूचना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. रस्ते अडतात, दवाखाने जखमींनी भरतात. घरात गर्भवती असेल तर पोळ्याची पूजा आटोपून त्याच दुपारी तिला गावाबाहेर, माहेरी किंवा नागपूरकडे घेऊन जावे. पावसाचे दिवस असतात, म्हणून नाल्याच्या वाटा टाळून मोठा रस्ता धरावा.

‘घेऊन जावे’ असे म्हटले, ‘पाठवून द्यावे’ असे नव्हे. चांगली मोटार ठरवून, भाच्याला बरोबर देऊन आपण दुकानात बसणारे गृहस्थ पुष्कळ. भवभूतीची सीताही रामास म्हणते, की आपणही तेथे यावयाचे आहे. आणि राम लटक्या रागाने म्हणतो, की हे सांगावयास हवे काय? पुढे रथ आला, तो सुखाचाही होता. पण त्यात राम नव्हता.

परतीचा प्रवास रविवारी दुपारी सुरू करावा, म्हणजे दिवस मावळण्याच्या आत घर गाठता येते. घरी दोन दिवसांचे धुणे आणि खरकटी भांडी तिची वाट पाहत नसतील, याची तजवीज शुक्रवारीच करून ठेवावी; आणि सोमवारी सकाळचा चहा तिच्या उठण्याची वाट न पाहता कोणीतरी ठेवावा.