फरशीचे काम : पारख आणि उपाय

हिरण्यकेशीच्या काठी वसलेल्या गडहिंग्लज परिसरात घराच्या जमिनीचे रूप गेल्या काही पिढ्यांत पालटत गेले. शेणाने सारवलेल्या जमिनीच्या जागी शहाबादी फरशी आली, पुढे मोझेक आली आणि आता सिरॅमिक व व्हिट्रिफाइड फरशीचा प्रघात पडला आहे. सारवलेली जमीन उखडली तर ती एका सकाळी पूर्ववत होत असे. फरशी मात्र चुकीची बसली की फोडूनच काढावी लागते आणि बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबास तो खर्च दुसऱ्यांदा सोसावा लागतो. म्हणून कामाची पारख सांधे भरण्यापूर्वी आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वीच करणे अगत्याचे ठरते.

दोष पुष्कळदा फरशीत नसून तिच्या खाली असतो. जोत्यातील भराव घाईने टाकला, थराथराने पाणी मारून चोपला नाही, तर एक-दोन पावसाळ्यांतच जमीन खचते. भरावात काळी माती वापरली असेल तर ती ओलीने फुगते, उन्हाने आकसते आणि वरची फरशी, मग ती कितीही भारी असो, तिच्याबरोबर हलते. भिंतीलगत स्कर्टिंगखाली फट दिसू लागणे ही याची पहिली खूण होय. अशा ठिकाणी सांध्यांत पांढरे सिमेंट भरणे म्हणजे केवळ दोष झाकणे. तेवढा भाग उकरून, मुरूम चोपून पुन्हा काँक्रीट करावे लागते.

दुसरा दोष मसाल्याचा. काही ठिकाणी फरशीच्या पाठीवर मसाल्याचे चार-पाच गोळे ठेवून ती दाबली जाते. मध्ये पोकळी राहते आणि जड कपाट वा भांडे पडताच कोपरा तुटतो. शिवाय प्रत्येक फरशीस एकच रीत लागू पडत नाही. भिंतीची सिरॅमिक फरशी १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषते, म्हणून सिमेंटच्या मसाल्यात बसविताना ती आधी भिजवावी लागते. व्हिट्रिफाइड फरशीचे शोषण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. साध्या सिमेंटची पकड तिला पुरेशी बसत नाही. तिच्यासाठी चिकटद्रव्य वापरणे इष्ट असून त्याचे भारतीय मानक १५४७७ हे आहे. जुन्या हातोटीच्या कुशल गवंड्यासही हा फरक कोणी सांगितलेला नसतो. तेव्हा सारा दोष त्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

पारख करण्यास नाणे, दोरी आणि बादलीभर पाणी पुरते. नाण्याने प्रत्येक फरशीचे चार कोपरे व मध्य ठोकावा. पोकळ आवाज आल्यास खडूने खूण करावी. ताणलेल्या दोरीने सांध्यांची रेषा व उंचसखलपणा कळतो. न्हाणीघरात पाणी ओतून ते जाळीकडे वाहते की कोपऱ्यात साचते हे पाहावे. एका मीटरला साधारण १ सेंटिमीटर उतार असावा. मधोमध एखादी फरशी किंचित पोकळ वाजली तर घाबरण्याचे कारण नाही. कोपरे पोकळ असतील किंवा फरशी पायाखाली हलत असेल तर ती काढून, जुना मसाला पूर्ण खरवडून नव्याने बसवावी. याकरिता त्याच खेपेच्या पाच-दहा फरश्या राखून ठेवाव्यात, कारण पुढे तीच छटा मिळेलच असे नाही.

ठेकेदार दुरुस्ती नाकारीत असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मात्र पावती, लेखी ठराव व छायाचित्रे हवीत. मालकाच्या देखरेखीखाली रोजंदारीवर करून घेतलेल्या कामात असा दावा टिकणे कठीण जाते, कारण व्यक्तिगत सेवेचा करार कायद्याने वगळला आहे.

शाळाखोली वा अंगणवाडीच्या कामात हीच नाण्याची परीक्षा ग्रामपंचायत सदस्यांनी व मुख्याध्यापकांनी अंतिम देयकापूर्वी करावी. खडूच्या खुणांची संख्या अभियंत्यास लेखी कळवावी आणि करारातील दोषदायित्वाची मुदत केव्हा संपते ती तारीख दप्तरात नोंदवून ठेवावी.