मूक राउटर

आमच्या शाळेंतील एका राउटराचा दिवा लागे, पण काम होईना. तेव्हां तो भंगारांत टाकावा असें मत पडलें. आम्हीं म्हटलें, आधीं तो काय मागतो तें पाहूं. आरंभींची आज्ञावली स्वतःपाशीं बिघडल्यास कित्येक राउटर ती तारेनें जोडलेल्या संगणकापाशीं मागतात. ह्या रीतीस टीएफटीपी म्हणतात. तार योग्य जागीं होती. संगणकाचा पत्ता व फाइलीचें नांव हींही राउटराच्या अपेक्षेप्रमाणें तंतोतंत होतीं. शेवटीं तारेवरील संदेश तपासले, तों मागणी येत होती, उत्तर मात्र जात नव्हतें. संगणकाची फायरवॉल यूडीपीचें ६९ क्रमांकाचें द्वार अडवून बसली होती! तें उघडतांच राउटर चालूं झाला. विद्यार्थिमित्रहो, मौन म्हणजे मृत्यु नव्हे. निर्णय देण्यापूर्वीं प्रत्येक दुवा तपासावा.